महाग रेझर, स्वस्त ब्लेड: किंग जिलेटची गोष्ट आपल्याला उलटी का सांगितली जाते?

नवीन फोन येणार असला की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. आधी लीक झालेले फोटो येतात, मग स्पेसिफिकेशनवरून भांडणं होतात, मग प्री-ऑर्डर उघडते आणि पाच मिनिटांत स्टॉक संपतो. हेच सगळं दाढी करायच्या रेझरसाठीही होतं असं कोणी सांगितलं तर हसू येईल. पण होतं खरं.

वेट शेव्हिंग नावाचा एक छंद आहे. ब्रशने साबणाचा फेस करायचा आणि आपले आजोबा वापरायचे तसल्या, दोन धारांच्या ब्लेडच्या सेफ्टी रेझरने दाढी करायची. या छंदातली मंडळी अमेरिका, कॅनडा, युरोपातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या रेझरची महिनोन्‌महिने वाट बघतात. वर्कशॉपमध्ये माणसं एक-दोनच, सोबत सीएनसी मशिन, आणि स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमच्या अखंड दांड्यातून कोरून काढलेले मोजकेच रेझर. यांना आर्टिझन रेझर म्हणतात. नव्या मॉडेलचा एक फोटो दिसला की प्रश्न सुरू होतात. ब्लेड गॅप किती? ब्लेडची धार बाहेर किती येते? प्लेट बदलता येते का? किंमत विचाराल तर शंभर डॉलरच्या आसपास सुरुवात, टायटॅनियम असेल तर दोनशे, तीनशे आणि त्याच्याही पुढे.

आता गंमत बघा. एवढ्या महागड्या रेझरमध्ये बसणारं ब्लेड मात्र आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काही रुपयांना पाकीट मिळतं तेच.

इथे तुमच्यातले बिझनेसचे रील बघणारे लगेच म्हणतील, हे तर उलटं झालं. रेझर स्वस्त द्यायचा आणि ब्लेडमध्ये कमवायचं, हा तर जिलेटचा फेमस फॉर्म्युला! प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, वॉटर प्युरिफायर ऑफरमध्ये आणि फिल्टर दरवर्षी, या सगळ्याला रेझर-ब्लेड मॉडेल म्हणतात आणि त्याचं श्रेय किंग जिलेट नावाच्या माणसाला देतात. पण त्या माणसाचं आयुष्य नीट पाहिलं तर कळतं की त्याने सुरुवातीची जवळजवळ वीस वर्षं नेमकं याच्या उलट केलं होतं. तर आज त्याचीच गोष्ट.

शोध लावणाऱ्यांचं घर

पूर्ण नाव किंग कॅम्प जिलेट. किंग ही पदवी नाही, नावच आहे. कॅम्प हे आईचं माहेरचं आडनाव. जन्म ५ जानेवारी १८५५, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या फाँ द्यू लॅक गावात. लहानपण शिकागोत गेलं. वडिलांचा हार्डवेअरचा धंदा होता आणि त्यांना स्वतः काहीतरी नवीन बनवून बघायचा नाद होता. तो नाद मुलांनाही लागला. आई फॅनी हीसुद्धा साधी बाई नव्हती. तिचं १८८७ मध्ये आलेलं व्हाइट हाउस कुक बुक हे पाककृतींचं पुस्तक अमेरिकेत घराघरांत पोचलं आणि कित्येक वर्षं खपत राहिलं.

१८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोला प्रचंड आग लागली. जवळजवळ एक तृतीयांश शहर बेचिराख झालं आणि त्यात जिलेट कुटुंबाचं होतं नव्हतं ते गेलं. किंग तेव्हा सोळा वर्षांचा. तो हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला आणि पुढे फिरता सेल्समन झाला. बॅग घ्यायची, ट्रेनने गावोगाव जायचं, माल खपवायचा. हे त्याने पुढची अनेक वर्षं केलं आणि चांगलं केलं. मधल्या वेळात छोटेमोठे शोध लावले, काही पेटंटंही घेतली, पण पैसा कशातच आला नाही. पस्तिशी उलटली तरी तो होता नोकरदार सेल्समनच. आजच्या भाषेत सांगायचं तर दिवसा जॉब आणि रात्री साइड प्रोजेक्ट, पण एकही प्रोजेक्ट चालत नाहीये.

बुचाच्या कारखान्यातली आयडिया

१८९१ च्या सुमारास तो बाल्टिमोरच्या एका कंपनीत लागला. या कंपनीचा मालक विल्यम पेंटर. सोड्याच्या किंवा बिअरच्या बाटलीला असतं ते कडेला दाते असलेलं पत्र्याचं झाकण याच पेंटरने शोधलं, १८९२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे कंपनीचं नावच क्राउन कॉर्क अँड सील झालं. त्या झाकणाची खुबी अशी की बाटली उघडली की ते फेकून द्यायचं. म्हणजे प्रत्येक बाटलीला नवीन झाकण, आणि कारखाना कायम चालू.

पेंटरने आपल्या या सेल्समनला सल्ला दिला की तूही असंच काहीतरी शोध, जे लोक वापरतील, फेकतील आणि परत विकत घ्यायला येतील. सल्ला साधा, पण जिलेटच्या डोक्यात तो किड्यासारखा शिरला. दिसेल त्या वस्तूकडे तो त्याच नजरेने बघायला लागला. रोज लागणाऱ्या वस्तूंची ए पासून झेड पर्यंत यादी काढून बसायचा, असं सांगतात.

उत्तर सापडलं १८९५ मध्ये, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये, सकाळी आरशासमोर. दाढी करायला गेला तर रेझर बोथट. नुसता बोथट नाही, घरी पट्ट्यावर घासून धार येण्याच्या पलीकडे गेलेला. धारवाल्याकडेच न्यावा लागणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. सेफ्टी रेझरचा शोध जिलेटने लावला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही. धारेच्या पुढे आडोसा ठेवून कापण्यापासून वाचायचं, ही कल्पना फ्रान्समधल्या पेरे नावाच्या कारागिराने अठराव्या शतकातच मांडली होती. न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंचा स्टार नावाचा सेफ्टी रेझर १८८० पासून बाजारात होता आणि जिलेट त्या सकाळी तोच वापरत होता. पण त्या रेझरचं पातं म्हणजे वस्तऱ्याचाच जाड तुकडा. दर वेळी धार लावा, पट्ट्यावर घासा, जपून ठेवा. जिलेटला सुचलं ते असं की जाड पात्याची गरजच काय? दाढी करते ती धार. बाकीचं सगळं लोखंड फक्त धारेला आधार द्यायला असतं. मग आधाराचं काम रेझरला देऊन टाकू, पातं कागदासारखं पातळ करू, दोन्ही बाजूंना धार देऊ आणि बोथट झालं की फेकू.

बायको तेव्हा ओहायोला गेली होती. त्याने लगेच तिला पत्र लिहून कळवलं की आता आपले दिवस पालटले. दिवस पालटायला मात्र आणखी आठ-नऊ वर्षं लागायची होती.

पातळ पोलाद, जाड डोकेदुखी

आयडिया सुचणं सोपं, बनवणं अवघड, हे हार्डवेअर स्टार्टअपवाल्यांना विचारा. पोलादाला धार टिकायला हवी तर ते कडक करावं लागतं. म्हणजे आधी लाल होईपर्यंत तापवायचं आणि मग झटकन थंड करायचं. जाड पोलाद हे सोसतं. पातळ पत्रा मात्र वेडावाकडा होतो, पापडासारखा. जिलेट लोहारांकडे, सुऱ्या बनवणाऱ्यांकडे, मोठ्या तंत्रशाळेतल्या जाणकारांकडे गेला. उत्तर एकच, नाद सोड. तो स्वतः इंजिनिअर नव्हता. पुढे त्यानेच कबूल केलं की तंत्रशिक्षण असतं तर आपण तेव्हाच थांबलो असतो.

अखेर गाठ पडली विल्यम निकरसनशी. हा एमआयटीत शिकलेला, यंत्रं बनवणारा शोधक. कंपनी सप्टेंबर १९०१ मध्ये स्थापन झाली, बॉस्टनच्या बंदराजवळ एका मासळीच्या दुकानाच्या वर. तिथे बसून निकरसनने पात्यांना घट्ट दाबून धरून तापवायची आणि थंड करायची रीत बसवली, आणि मग त्यांना धार लावणारी मशिन्स बनवली. खरं सांगायचं तर आजच्या ब्लेडचा बाप जिलेट असेल तर आई निकरसन आहे. पण कंपनीला नाव कोणाचं? निक या इंग्रजी शब्दाचा अर्थच दाढी करताना कापणं. त्या नावाचा रेझर कोण घेणार? निकरसनही हे समजून होता. १९०२ मध्ये कंपनीचं नाव जिलेट सेफ्टी रेझर कंपनी झालं.

आता रेझरचं डिझाइन समजून घ्या, कारण आजचे आर्टिझन रेझर इथूनच येतात. भाग तीन. वरची टोपी, खालची प्लेट आणि दांडा. टोपी आणि प्लेटच्या मध्ये ब्लेड ठेवायचं आणि दांडा फिरवून आवळायचं. आवळलं की ब्लेड कमानीसारखं वाकतं. वाकवायचं कशाला? एखादं व्हिजिटिंग कार्ड एका टोकाला धरा, ते लटपटतं. तेच दोन बोटांत किंचित वाकवून धरा, ताठ होतं. पातळ ब्लेडला ताठपणा या कमानीतून मिळतो. धार आणि खालच्या प्लेटमधलं अंतर म्हणजे ब्लेड गॅप, साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास खेळणारा आकडा. धार टोपी आणि प्लेट यांच्या रेषेच्या किती बाहेर येते ते एक्स्पोजर. या दोन आकड्यांवर रेझर सौम्य की तिखट ते ठरतं. आजचे शौकीन मिलिमीटरच्या शतांश भागावरून वाद घालतात ते याच दोन आकड्यांसाठी. जिलेटच्या पहिल्या रेझरमध्ये दांडा किंचित सैल केला की धारेची ठेवण बदलायची, म्हणजे ॲडजस्ट करायची सोयही होती.

पेटंटसाठी अर्ज डिसेंबर १९०१ मध्ये केला होता. मंजुरी आली १५ नोव्हेंबर १९०४ ला, क्रमांक ७७५१३४. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या वर्षी ५१ गिऱ्हाइकं

विक्री सुरू झाली १९०३ मध्ये. पूर्ण वर्षात रेझर खपले ५१ आणि ब्लेड १६८. छपाईची चूक नाही, एवढेच. पैसे तर आधीच संपले होते. बॉस्टनचा गुंतवणूकदार जॉन जॉइस याने कंपनीचे बाँड घेतले, पण शंभराच्या बाँडला साठ या भावाने, आणि वर शेअरही घेतले. अडलेल्याला पैसे देणारा असाच भाव करतो. जिलेट इतका कडका होता की स्वतःच्या नावाची कंपनी उभी राहूनही त्याने बुचाच्या कंपनीतली नोकरी सोडली नव्हती. १९०४ मध्ये तिथल्या मालकांनी त्याला लंडनला पाठवलं, तर तो गेला. मागे आपलेच भागीदार परदेशातले हक्क विकायच्या गोष्टी करताहेत असं कळल्यावर मात्र धावत परत आला आणि तो व्यवहार अडवला. पुढचा इतिहास बघता हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात फायद्याचा प्रवास म्हणावा लागेल.

आणि त्याच १९०४ मध्ये रेझर खपले ९०,८८४.

किंमत किती? पाच डॉलर, सोबत २० ब्लेड. आज पाच डॉलर किरकोळ वाटतात. तेव्हा ती साध्या कामगाराची जवळजवळ अर्ध्या आठवड्याची कमाई होती. महागाईचा हिशेब लावला तर आजचे दीडशे डॉलर सहज ओलांडले जातात. म्हणजे आजच्या चांगल्या आर्टिझन रेझरची जी किंमत, साधारण तीच. पितळेचा, चांदीचा मुलामा दिलेला, डबीत ठेवलेला हा रेझर एकदा घ्यायचा आणि आयुष्यभर वापरायचा, असा त्याचा थाट होता. सुटी ब्लेड मात्र डॉलरला २०.

बाजारात एव्हर-रेडीसारखे एक डॉलरचे रेझर आले तरी जिलेट कंपनीने पाच डॉलर सोडले नाहीत. पेटंट हातात होतं, त्या डिझाइनचा रेझर आणि ब्लेड दुसरं कोणी बनवू शकत नव्हतं, मग स्वस्त कशाला द्यायचं? रेझर फुकट वाटून ब्लेडवर कमवायचं असतं, तर ते करायची सगळ्यात सुरक्षित वेळ हीच होती, कारण गिऱ्हाईक ब्लेडसाठी दुसरीकडे जाऊच शकत नव्हतं. जिलेटने ते केलं नाही. रेझरवरही भरपूर कमावलं आणि ब्लेडवरही.

स्पर्धेचा शत्रू

या माणसाची दुसरी बाजू कळल्याशिवाय गोष्ट अर्धीच राहील. ब्लेडची कल्पना सुचण्याच्या एक वर्ष आधी, १८९४ मध्ये, या सेल्समनने द ह्यूमन ड्रिफ्ट नावाचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात त्याचं म्हणणं असं की जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ धंद्यातली स्पर्धा आहे. दहा कारखाने एकच वस्तू बनवतात, एकमेकांना बुडवतात आणि यात माणसांचे श्रम वाया जातात. उपाय काय? सगळ्या देशाची मिळून एकच कंपनी, मालक सगळे नागरिक. आणि सगळ्या देशासाठी एकच शहर, मेट्रोपोलिस. जागा नायगारा धबधब्याच्या परिसरात, वीज त्याच धबधब्यातून. लांबी साधारण २१७ किलोमीटर, रुंदी ७२. मुंबईहून रस्त्याने पुणं गाठून आणखी पुढे जाल तेवढं लांब एक शहर, त्यात ओळीने उंच इमारती आणि त्यात कोट्यवधी माणसं. वेडेपणा वाटतो, पण सार्वजनिक मालकी आणि पाण्यावरची वीज या गोष्टी तो पोरखेळ म्हणून लिहीत नव्हता. रोज रेल्वेने फिरताना, गावोगाव तोच तोच माल विकणारे शंभर सेल्समन बघून त्याचं हे मत बनलं असणार असं मला वाटतं.

आणि याच माणसाला पैसा मिळाला तो पेटंटमधून, म्हणजे कायद्याने स्पर्धा बंद करणाऱ्या कागदामधून. त्याला यात विसंगती वाटली नसावी. एकच कंपनी असणं त्याला चांगलंच वाटत होतं, फक्त ती सगळ्यांची असावी एवढीच अट.

श्रीमंत झाल्यावर हा नाद सुटायच्या ऐवजी वाढला. १९१० मध्ये त्याने ॲरिझोनात वर्ल्ड कॉर्पोरेशन नावाची कंपनी नोंदवली आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना तिचं अध्यक्षपद देऊ केलं, दहा लाख डॉलर मानधनावर. रूझवेल्टनी नम्रपणे नकार दिला. पुढे कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरच्या मदतीने १९२४ मध्ये आणखी एक पुस्तक आलं. सिंक्लेअरने त्याची हेन्री फोर्डशी भेटही घालून दिली. स्पर्धा म्हणजे नासाडी मानणारा रेझरवाला आणि स्पर्धेवर जगणारा मोटारवाला, दोघेही हट्टी. व्हायचं तेच झालं, कोणाचंच मत बदललं नाही.

चेहरा त्याचा, कंपनी दुसऱ्याची

कंपनीत मात्र त्याची पकड सुटत चालली होती. जॉन जॉइसशी कायम कुरबुर. १९१० मध्ये जिलेटने आपले बरेचसे शेअर जॉइसला विकले, मोठी रक्कम घेतली आणि पुढे कॅलिफोर्नियाकडे वळला. अध्यक्षपद नावापुरतं राहिलं. पण ब्लेडच्या प्रत्येक पाकिटावर त्याचा मिशीवाला चेहरा आणि सही छापलेली असायची. विचार करा, त्या काळात ना टीव्ही ना इन्स्टाग्राम, आणि या माणसाचा फोटो जगभरातल्या न्हाणीघरात पोचत होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. खंदकातल्या सैनिकाला धार लावत बसायला वेळ नाही, आणि दाढी वाढलेली असली की गॅसमास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही. अमेरिकन सरकारने सैनिकांना सेफ्टी रेझर दिले. युद्ध संपेपर्यंत ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड सैन्यात गेले होते. घरी परतलेल्या पोरांना रोज स्वतः दाढी करायची सवय लागली होती. न्हाव्याकडे जाऊन दाढी करायचा रिवाज अमेरिकेत तिथूनच ओसरत गेला.

पेटंट संपलं त्या दिवशी

आता ती तारीख आठवा. १५ नोव्हेंबर १९०४. त्या काळी पेटंट १७ वर्षांचं असायचं, म्हणजे नोव्हेंबर १९२१ मध्ये ते संपलं. त्या दिवसापासून जिलेटच्या रेझरमध्ये बसणारं ब्लेड कोणीही बनवू शकत होतं.

कंपनीने काय केलं? १९२१ मध्येच नवीन पेटंटचा सुधारित रेझर पाच डॉलरला आणला आणि जुन्या डिझाइनचा एक डॉलरवर नेला. नंतर तर च्युइंगगमसारख्या भलत्याच वस्तूंसोबत जिलेट रेझर भेट म्हणून जायला लागले. म्हणजे रेझर स्वस्त देऊन ब्लेडवर कमवायचा तो सुप्रसिद्ध फॉर्म्युला सुरू झाला तो गिऱ्हाइकाला बांधून ठेवायचं हत्यार हातातून गेल्यावर! कागदावर हा आत्मघात वाटतो. कोणी म्हणेल, रेझर यांचा घेऊन ब्लेड दुसऱ्याचं वापरतील की. पण धंदा वाढला. लोक ब्लेड जिलेटचंच घेत राहिले, कारण एव्हाना नावावर भरवसा बसला होता. आणि किंग जिलेट तेव्हा रोजचा कारभार बघतच नव्हता. ज्या युक्तीचं श्रेय त्याला दिलं जातं ती चालवली दुसऱ्यांनीच.

खरं लॉक-इन फार पुढे आलं, एकाच कंपनीच्या दांड्यात बसणाऱ्या कार्ट्रिजमुळे. २०१० मध्ये भारतात आलेला जिलेट गार्ड आठवून बघा. रेझर १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये. भाव भारतीय खिशाला परवडणारा होता हे खरं, पण त्या दांड्यात दुसऱ्या कोणाचं ब्लेड घालता येत नाही.

शेवटची तीन वर्षं

१९२८ च्या सुमाराला जिलेटने कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या डोंगरात मोठी जागा घेऊन वॉलेस नेफ या नामांकित वास्तुविशारदाकडून हवेली बांधून घेतली. पाठोपाठ १९२९ चा शेअर बाजार कोसळला.

त्याच वेळी कंपनीही कात्रीत सापडली. हेन्री गेसमन नावाच्या शोधकाच्या ऑटोस्ट्रॉप कंपनीने प्रोबॅक नावाचं ब्लेड आणलं होतं. मधल्या छिद्राचा आकार असा चलाख की ते जिलेटच्या रेझरमध्ये बसायचं, पण जिलेटचं ब्लेड प्रोबॅकच्या रेझरमध्ये बसायचं नाही. जिलेटनेही तसलंच नवीन ब्लेड काढलं, गेसमन कोर्टात गेला. शेवटी १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. विलीनीकरणाआधी हिशेब तपासले तेव्हा कळलं की जिलेट कंपनी कित्येक वर्षं नफा फुगवून दाखवत होती. शेअरधारक खवळले, भाव पार गडगडला. वर्षानुवर्षं नावापुरता अध्यक्ष असलेल्या किंगने १९३१ मध्ये पद सोडलं. त्याची उरलीसुरली संपत्ती याच शेअरमध्ये होती.

९ जुलै १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये तो वारला, ७७ वर्षांचा होऊन. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक, आणि हाती उरलेलं फार थोडं. ती हवेली आता सार्वजनिक पार्कमध्ये आहे, किंग जिलेट रँच या नावाने. कोणीही जाऊन फिरू शकतं. सगळ्यांच्या मालकीचं काहीतरी असावं असं म्हणणाऱ्याला हे आवडलं असतं.

मग आर्टिझन रेझरची वाट कशाला बघायची?

त्या १९३० च्या भांडणातून मधल्या लांब खाचेचं जे ब्लेड पुढे आलं तेच आज जगभर चालतं. ४३ मिलिमीटर लांब, २२ रुंद, ०.१ मिलिमीटर जाड. भारत, रशिया, जपान, इजिप्त, कुठलंही घ्या, बसतं. १९०४ च्या रेझरमध्येही आजचं ब्लेड बसतं. आपल्याकडच्या सलूनमध्ये हेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात, तुमच्या गालावर कधी ना कधी ते फिरलंच असेल. आता तुमच्या घरातल्या ड्रॉवरमध्ये जुन्या फोनचे किती प्रकारचे चार्जर पडलेत ते मोजा.

ब्लेड सगळ्यांचं झालं म्हणूनच एका माणसाच्या वर्कशॉपला रेझरच्या धंद्यात शिरता येतं. त्याला ब्लेडचा कारखाना काढायला नको, कोणाची परवानगी नको. त्याने फक्त टोपी, प्लेट आणि दांडा यांच्यावर डोकं चालवायचं. ब्लेड धारेच्या किती जवळ दाबून धरलं की थरथरणार नाही, दोन्ही बाजूंची गॅप तंतोतंत सारखी कशी येईल, वजन डोक्याकडे ठेवावं की दांड्यात. जुने रेझर साच्यात दाबून हजारोंनी निघायचे, त्यात थोडं इकडेतिकडे व्हायचं. सीएनसीवर एकेक नग कोरताना ते सांभाळता येतं, म्हणून वेळ लागतो आणि म्हणून रांग लागते. दाढी त्याने दहापट चांगली होते का? माझ्या मते नाही. सवय आणि हात याचा वाटा मोठा आहे, आणि बऱ्यापैकी साधा रेझरही छान काम करतो. पण कोणी दीडशे डॉलर मोजून आयुष्यभराचा रेझर घेत असेल, तर तो नेमकं १९०४ च्या गिऱ्हाइकासारखंच वागतोय.

एक फरक मात्र आहे. जिलेटच्या डबीत रेझरसोबत २० ब्लेड यायची. आजचे हे मेकर बऱ्याचदा खोक्यात एकही ब्लेड घालत नाहीत. कोणतं घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.